हजार यंत्रांचा कारभारी

संस्थेच्या वार्षिक संमेलनात किंवा कोणाच्या घरच्या मुंजी-लग्नात भेटीगाठी होतात, तेव्हा आम्हांला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "आमचा मुलगा पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे. सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात त्याला. पण तो नेमके करतो तरी काय हो? रात्री दोन वाजता फोन येतो, तो उठून बसतो, अर्धा तास काहीतरी टाइप करतो आणि पुन्हा झोपतो. ना कारखाना, ना दुकान, ना रोजमेळाची वही. हे काम तरी कसले?" विचारणाऱ्या आईच्या स्वरात थोडी काळजी असते आणि थोडा संशयही असतो.

या व्यवसायात आमची पंचवीस वर्षे गेली. तेव्हा उभ्याउभ्या चार वाक्यांत उत्तर देण्यापेक्षा या स्मरणिकेच्या निमित्ताने ते सविस्तर लिहून काढावे, असे आम्ही योजिले. आरंभीच एक गोष्ट सांगून ठेवतो. हे काम वरवर पाहता यंत्रांचे दिसते. परंतु त्याचा गाभा यंत्रांचा नसून विश्वासाचा आहे. कोणाच्या हाती किती अधिकार द्यावा, दिलेल्या अधिकाराची खूण कशी पटवावी आणि चूक झाली तर ती निस्तरण्याची वाट कशी मोकळी ठेवावी, हेच प्रश्न या कारभाऱ्यापुढे रात्रंदिवस असतात. आपण सारे एका विश्वस्त संस्थेचे सभासद आहोत. त्यामुळे हे प्रश्न आपणांस मुळीच परके वाटू नयेत.

युनिक्स म्हणजे काय?

संगणकाला कितीही बुद्धिमान म्हटले, तरी त्याच्या अंगभूत यंत्रसामग्रीला काही कळत नाही. कोणत्या कामाला किती वेळ द्यावा, कोणाचे कागद कोणाला दाखवावेत आणि कोणाला दाखवू नयेत, याची व्यवस्था पाहणारी एक मूळ आज्ञावली प्रत्येक संगणकात असावी लागते. युनिक्स ही अशीच एक व्यवस्था. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात बेल टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा होती. तेथे १९६९ साली केन टॉम्पसन आणि डेनिस रिची या दोघा संशोधकांनी तिचा पाया घातला. १९७३ साली ती रिची यांनीच तयार केलेल्या 'सी' नावाच्या भाषेत पुन्हा लिहिली गेली. त्यामुळे एका कंपनीच्या यंत्रावरून दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर ती नेणे सोपे झाले आणि ती विद्यापीठाविद्यापीठांतून पसरली.

आज मूळ युनिक्स फार थोड्या ठिकाणी चालते. परंतु तिच्या वंशजांनी जग व्यापले आहे. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली युनिक्सच्या धर्तीवर लिहिलेली लिनक्स ही व्यवस्था त्यांतली सर्वांत मोठी. जगातील सर्वांत वेगवान पाचशे संगणकांची यादी वर्षातून दोनदा निघते. २०१७ च्या नोव्हेंबरातील यादीत त्या पाचशेही यंत्रांवर लिनक्सच होती. इतके दूर तरी कशाला जावे? वाचकांपैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइडचा फोन आहे, त्यांच्या खिशातही तिचाच गाभा आहे.

युनिक्सच्या घरात प्रत्येकाचे खाते वेगळे असते. आपल्या खात्यातील कागद आपण वाचावेत आणि बदलावेत, दुसऱ्याचे त्याच्या परवानगीवाचून पाहू नयेत, असा शिरस्ता असतो. एकच खाते या शिरस्त्याच्या वर आहे. त्याचे नाव 'रूट'. ज्याच्या हाती रूटचा परवलीचा शब्द आहे, तो कोणाचाही कागद वाचू शकतो, कोणाचेही खाते पुसू शकतो आणि एका ओळीच्या आज्ञेने अख्खे यंत्र निकामी करू शकतो. जुन्या भाषेत ज्याला आपण मुखत्यार म्हणत असू, तो हा. आपल्या मुलाला रात्री दोन वाजता उठवितात, ते ही मुखत्यारी त्याच्याकडे आहे म्हणून.

भाबड्या विश्वासाचे दिवस

एकाच खोलीत एकच यंत्र होते, तोवर कारभाऱ्याने खुर्चीवर बसून काम केले म्हणजे भागत असे. पुढे यंत्रे तारांनी जोडली गेली. कॅलिफोर्नियातील बर्कली येथील विद्यापीठाने १९८३ साली युनिक्सची जी सुधारलेली आवृत्ती काढली, तिच्यात जाळ्यावरून कारभार करण्याची साधने आयतीच आली. 'आरलॉगिन'ने येथे बसून तेथल्या यंत्रात शिरता येई, 'आरएसएच'ने तेथे आज्ञा चालविता येई आणि 'आरसीपी'ने येथले कागद तेथे ठेवता येत.

सोय मोठी होती, परंतु तिचा पाया कशावर होता ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक यंत्रात एक यादी असे. 'अमुक अमुक यंत्रे आपल्या विश्वासातली आहेत. तेथून कोणी आले तर त्याला परवलीचा शब्दही विचारू नये', अशा अर्थाची ती यादी. जिथे शब्द विचारला जाई, तिथे तो तारेवरून उघडाच जाई. वाटेत कान लावून बसलेल्या कोणालाही तो वाचता येई. वाड्याच्या दिंडीवर पहारेकऱ्याने आलेल्याचा चेहरा न पाहता "कोणत्या गल्लीतून आलात?" एवढेच विचारावे, तसला हा प्रकार. जाळ्यावर थोडी विद्यापीठे होती आणि सगळे एकमेकांना नावानिशी ओळखत होते, तोपर्यंत हे चालून गेले.

आपल्या देशातही याच सुमारास आरंभ झाला. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने शिक्षण आणि संशोधन संस्थांचे 'अर्नेट' हे जाळे उभारण्याचे काम हाती घेतले. त्यात मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था, पवईची आय. आय. टी. आदी संस्था होत्या. सुरुवातीला ही यंत्रे सदोदित जोडलेली नसत. एक यंत्र दुसऱ्याला टेलिफोन लावी, साठलेले टपाल देई आणि घेई, आणि फोन ठेवी.

दोन नोव्हेंबर १९८८

भाबड्या विश्वासाचे दिवस एका रात्रीत संपले. १९८८ सालच्या नोव्हेंबरच्या २ तारखेला संध्याकाळी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने एक आज्ञावली जाळ्यावर सोडली. दूरच्या यंत्रावर आज्ञावली चढविणे हे तर कारभाऱ्याचे नेहमीचेच काम. मॉरिसच्या आज्ञावलीने तेच केले. फक्त कोणाची परवानगी घेतली नाही.

तिची रीत अशी होती. प्रथम टपाल वाहणाऱ्या आज्ञावलीतील एका उघड्या राहिलेल्या खिडकीतून, किंवा चौकशीची उत्तरे देणाऱ्या दुसऱ्या एका आज्ञावलीतील दोषाचा फायदा घेऊन, ती दूरच्या यंत्रात अवघ्या ९९ ओळींचा एक छोटा मजकूर उतरवी. तो मजकूर तेथेच यंत्राच्या भाषेत उतरून चालू होई आणि उरलेले सारे शरीर मागून ओढून घेई. आत शिरल्यावर ती लोकांचे परवलीचे शब्द ओळखून पाही. कोणी स्वतःचेच नाव शब्द म्हणून ठेवलेले असे, कोणी तेच उलटे लिहून ठेवलेले असे. तेवढ्याने न जमले तर तिच्याजवळ ४३२ नेहमीच्या शब्दांची यादी तयार होती. शब्द सापडला की विश्वासातल्या यंत्रांची यादी हाती होतीच. एका घराची किल्ली मिळाली की शेजारची चार घरे आपोआप उघडत.

कागदपत्रे नष्ट करणे हा तिचा हेतू नव्हता आणि तिने ती केलीही नाहीत. पण तिच्या कर्त्याच्या हिशेबात एक चूक होती. यंत्रात आपली एक प्रत आधीच चालू असेल तर दुसरीने थांबावे, असे त्याने ठरविले होते. परंतु कोणी खोटीच 'प्रत आहे' अशी बतावणी करून तिला फसवू नये म्हणून, सात वेळांतून एकदा तरी तिने न थांबता राहावेच, अशी तजवीज त्याने केली. सातात एक हे प्रमाण फार मोठे ठरले. एकेका यंत्रात प्रतींवर प्रती साचल्या, यंत्रे श्वास कोंडल्यासारखी मंद झाली आणि अखेर थांबली. त्या वेळी जाळ्यावर सुमारे साठ हजार यंत्रे होती आणि त्यांपैकी सहा हजारांना बाधा झाली, असा अंदाज तेव्हा करण्यात आला.

बर्कली, पर्ड्यू, एम. आय. टी. येथील मंडळींनी रात्रभर जागून उपाय शोधला आणि तो जाळ्यावरच प्रसिद्ध केला. पण कित्येकांनी घाबरून आपापली यंत्रे जाळ्यापासून तोडली होती. रोग तारेने आला आणि औषधही तारेनेच यायचे होते. तार तुटल्यामुळे औषध पोचेना. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिची पुन्हा गाठ पडणार आहे.

मॉरिसला १९९० साली तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची, ४०० तास समाजसेवेची आणि १०,०५० डॉलर दंडाची शिक्षा झाली. विशेष म्हणजे युनिक्समधील परवलीचे शब्द सांकेतिक रूपात ठेवण्याच्या पद्धतीवर टॉम्पसन यांच्यासह ज्यांनी मूलभूत काम केले होते, ते रॉबर्ट मॉरिस हे त्याचे वडीलच होत. वडिलांनी घडविलेले कुलूप मुलाने फोडले नाही. लोकांनी किल्ल्याच सोप्या ठेवल्या होत्या, एवढे त्याने सिद्ध केले. पुढे हाच मुलगा एम. आय. टी.त प्राध्यापक झाला.

कुलूप वाटावे, किल्ली जपावी

उघड्या तारेवरून शब्द पाठविण्याच्या पद्धतीला खरा पर्याय आला तो १९९५ साली. फिनलंडमधील हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कोणीतरी कान लावून परवलीचे शब्द चोरले. तेथील संशोधक टाटू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून 'एसएसएच' नावाचे साधन लिहिले आणि सर्वांना मोफत दिले. दूरच्या यंत्राचा कारभार आजही प्रामुख्याने त्याच पद्धतीने चालतो.

तिच्यातली कल्पना गणिताची आहे, परंतु तत्त्व घरगुती दाखल्याने कळेल. समजा, एका कारागिराने अशी कुलपे बनविली की त्यांची किल्ली फक्त त्याच्याजवळ आहे. कुलपे तो खुशाल गावभर वाटू शकतो. नुसते कुलूप हाती पडून कोणाला किल्ली बनविता येत नाही. कारभारी आपले असे कुलूप शंभर यंत्रांच्या दारांना लावून ठेवतो आणि किल्ली स्वतःजवळ राखतो. मग आत शिरताना परवलीचा शब्द तारेवरून पाठवावाच लागत नाही. दूरचे यंत्र एक कोडे घालते. किल्ली ज्याच्याजवळ आहे त्यालाच ते सोडविता येते. आणि त्यानंतरचे सारे संभाषण सांकेतिक लिपीत चालते.

ओळख दोन्ही बाजूंनी पटावी लागते, हेही येथे महत्त्वाचे. आपण ज्या यंत्राशी बोलत आहोत ते खरोखर आपलेच कशावरून? म्हणून प्रत्येक यंत्र प्रथम भेटीत आपला ठसा दाखविते आणि कारभाऱ्याला विचारते, "हा ठसा तुम्ही ओळखता काय?" पुष्कळजण न पाहताच 'हो' म्हणून टाकतात. न वाचता सही करणाऱ्याचे जे होते, तेच अशाचे कधीतरी होते.

माल पोचविण्याच्या रीती

दार उघडले. आता नवी आज्ञावली आत न्यायची कशी, याच्या रीती पाहू.

पहिला प्रश्न मालाच्या वजनाचा. मोठ्या ग्रंथाची जुनी प्रत दूरच्या यंत्रात आहे आणि नव्या आवृत्तीत चार ठिकाणीच बदल झाला आहे. तर सगळा ग्रंथ पुन्हा का पाठवावा? ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली 'आरसिंक' हे साधन काढले, ते याच प्रश्नावर. दूरचे यंत्र आपल्या जुन्या ग्रंथाचे सारखे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्याची एक छोटी अंकरूप खूण काढून तेवढीच पाठविते. इकडचे यंत्र नव्या ग्रंथावरून एकेक अक्षर सरकत जाऊन त्याच खुणा शोधते. ज्यांची खूण जुळली ते तुकडे तिकडे आहेतच; जे जुळले नाहीत तेवढेच पाठवायचे. दोन यंत्रांनी एकमेकांचा ग्रंथ न पाहता केवळ खुणांवरून फरक काढावा, ही युक्ती आम्हांला अजूनही नवलाची वाटते.

दुसरा प्रश्न चालू गाड्याची चाके बदलण्याचा. जुनी आज्ञावली लोक वापरीत असताना तिच्यावरच नवी खरडली, तर वाचणाऱ्याला अर्धी जुनी आणि अर्धी नवी मिळेल. म्हणून जाणता कारभारी नवी आज्ञावली शेजारी वेगळ्या नावाने पूर्ण उतरवून घेतो, तपासतो आणि मग फक्त नावाची पाटी बदलतो. युनिक्समध्ये पाटी बदलणे एका क्षणाचे काम आहे. अर्धी पाटी कधीच दिसत नाही. ज्यांनी जुनी उघडली होती त्यांना ती वापर संपेपर्यंत मिळत राहते, नव्याने येणाऱ्यांना नवी मिळते. जुनी लगेच फेकायचीही नसते. नवी बिघडली तर पाटी पुन्हा जुन्याकडे फिरविली की काम झाले.

तिसरी रीत कोऱ्या यंत्राची. ज्यात काहीच उतरविलेले नाही, असे यंत्र चालू केले की ते जाळ्यावर जणू हाक मारते, "माझ्या पत्त्याचा अंक हा आहे, मी कोण आणि मी काय वाचू?" व्यवस्थापक यंत्र आपल्या नोंदवहीत तो अंक पाहून उत्तर देते, "तुझे नाव अमुक. तमुक कागदापासून आरंभ कर." मग ते यंत्र आपली सगळी व्यवस्था तारेवरून मागवून घेते. या प्रश्नोत्तरांचे नियम १९८५ साली लिहिले गेले. आता सुधारलेल्या रूपात शेकडो यंत्रे याच रीतीने, कोणी हात न लावता, एका सकाळीत तयार होतात.

अशी शेकडो यंत्रे एका कामाला जुंपण्याच्या विद्येत पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचे नाव आदराने घ्यावे लागते. १९८८ साली ही संस्था निघाली, १९९१ साली तिने परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला आणि १९९८ सालचा परम १०००० हा तर युनिक्स यंत्रेच जाळ्याने जोडून उभारला होता. त्या कार्याचे पहिले सूत्रधार डॉ. विजय भटकर यांचे उच्च शिक्षण काही काळ आपल्या वडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले, याचा आम्हां वडोदेकरांना सार्थ अभिमान आहे.

चौथी रीत सर्वांत विचार करण्यासारखी. पूर्वी कारभारी यंत्रांना कृती सांगत असे: हे उतरव, ते बदल, ते पुन्हा चालू कर. १९९३ साली नॉर्वेतील ऑस्लो येथे मार्क बर्जेस यांनी 'सीएफइंजिन' हे साधन लिहिले आणि निराळा विचार रूढ केला. कृती सांगू नये, अपेक्षित स्थिती सांगावी. "बटण दाबा" आणि "दिवा लागलेला असावा" या दोन आज्ञांत काय अंतर आहे ते पाहा. पहिली चुकून दोनदा पोचली तर दिवा विझतो. दुसरी दहा वेळा पोचली तरी दिवा लागलेलाच राहतो. शिवाय मधल्या काळात कोणी दिवा मालविला असला, तर तो पुन्हा लागतो. हजार यंत्रांतील काही नेहमीच बंद असतात, काहींची तार तुटलेली असते. म्हणून प्रत्येक यंत्राने ठराविक वेळाने स्वतःच येऊन नियमपत्र वाचावे आणि आपली स्थिती त्याप्रमाणे करून घ्यावी, हीच रीत टिकाऊ ठरते. मात्र सगळ्यांनी एकदम येऊ नये. पंगती पाडल्या नाहीत तर वाढप्यांची जी अवस्था होते, तीच व्यवस्थापक यंत्राची होते. म्हणून यंत्रांना थोडे मागेपुढे येण्यास सांगितलेले असते.

आमची एक फजिती

दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या, तेव्हा आमचीही एक सांगणे न्याय्य होईल. पुष्कळ वर्षांपूर्वी एका संस्थेच्या दूरगावच्या यंत्राची देखरेख आमच्याकडे होती. त्या यंत्राच्या दारावर कोणाला आत घ्यावे आणि कोणाला नाही, याचे नियम कडक करावयाचे होते. शनिवारी रात्री वर्दळ कमी म्हणून आम्ही ती वेळ निवडली. पहिला नियम लिहिला, "सर्वांना मज्जाव." त्याच्या पाठोपाठ दुसरा लिहावयाचा होता, "आम्हांला मात्र परवानगी." पहिल्या ओळीवर बोट दाबले आणि पडदा थिजला. यंत्राने हुकूम तंतोतंत पाळला होता. सर्वांमध्ये आम्हीही होतोच. घराबाहेर उभे राहून दार ओढून घ्यावे आणि किल्ली आत राहावी, अशी ती गत झाली.

त्या कचेरीच्या वृद्ध शिपाईबुवांना रात्री अकरा वाजता फोन करून उठवावे लागले. ते बिचारे सायकलवरून आले, कुलूप उघडून यंत्रापुढे बसले आणि आम्ही फोनवरून एकेक अक्षर सांगत गेलो. त्यांना इंग्रजी अक्षरे बेताचीच येत होती. "उलटा सहा, मग काठी," अशा भाषेत आमचे ते संभाषण पाऊण तास चालले. सोमवारी आम्ही वरिष्ठांना सारे लेखी कळविले.

त्या रात्रीपासून तीन नियम आम्ही कधी मोडले नाहीत. पहिला असा की, दाराला हात लावण्यापूर्वी यंत्राला सांगून ठेवावे: "दहा मिनिटांत मी तुला थांब म्हटले नाही, तर जुने नियम आपोआप परत आण." युनिक्समध्ये असे वेळ लावलेले काम नेमून देता येते. आपण बाहेर अडकलो तरी दहा मिनिटांत दार आपोआप उघडते. दुसरा असा की, नवे नियम लागू केल्यावर चालू संभाषण तोडू नये. दुसऱ्या खिडकीतून नव्याने आत शिरून पाहावे आणि मगच पहिले सोडावे. तिसरा नियम मात्र माणसांचा आहे. दूरच्या यंत्राजवळ कोण राहतो, त्याचे नाव, त्याचा फोन, त्याच्याजवळची किल्ली हे सारे माहीत असावे आणि सणासुदीला त्याची विचारपूस करावी. जाळे कितीही लांब पसरले, तरी त्याच्या दुसऱ्या टोकाला एक शिपाईबुवा असावेच लागतात.

शितावरून भाताची परीक्षा

आमची चूक एका यंत्रापुरती होती. हीच चूक एकाच वेळी लाखो यंत्रांवर गेली तर काय होते, ते जगाने १९ जुलै २०२४ रोजी पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या संरक्षण-आज्ञावलीला पुरविलेला एक सदोष मजकूर त्या दिवशी जगभर गेला. ती यंत्रे युनिक्सची नव्हती, विंडोजची होती; परंतु धडा सर्वांना सारखाच लागू आहे. सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली. विमाने जमिनीवर राहिली, इस्पितळांची आणि बँकांची कामे अडली. चूक दीड तासाच्या आत मागे घेण्यात आली. पण जी यंत्रे बंद पडली होती, ती दुरुस्ती घेण्यापुरतीही जागी राहत नव्हती. १९८८ साली तार तुटल्यामुळे औषध पोचले नव्हते. येथे तार शाबूत होती, पण रोग्याला घोटही घेववत नव्हता. असंख्य यंत्रांपाशी माणसांना जातीने जाऊन ती एकेक करून उठवावी लागली.

आपल्या आया-आज्या शितावरून भाताची परीक्षा करीत आल्या आहेत. कारभाऱ्याचेही तेच सूत्र आहे. नवी आज्ञावली आधी अशा एका यंत्रावर चढवावी, की ते बंद पडले तरी कोणाचे अडू नये. मग दहांवर, मग शंभरांवर. प्रत्येक पायरीनंतर थांबून पाहावे. वरिष्ठ म्हणतात, "हजारांवर एकदम चढविता येते, तर उशीर का?" त्यांना नम्रपणे सांगावे की, एकदम चढविता येते म्हणूनच उशीर करावयाचा.

विश्वासाचे शेवटचे टोक

कुलूप चांगले, रीत चांगली, शीतही तपासले. तरी एक प्रश्न उरतो. जी आज्ञावली आपण चढविली, ती लिहिणारा कोण?

युनिक्सचे जनक केन टॉम्पसन यांना १९८३ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. त्या प्रसंगीच्या भाषणात त्यांनी हाच प्रश्न उभा केला. आज्ञावलीचा मूळ मजकूर ओळ न ओळ वाचून निर्दोष ठरविला, तरी त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीतच कोणी चोरवाट लपविली असेल, तर ती मजकुरात दिसणारच नाही, असे त्यांनी कृतीने दाखवून दिले. शेवटी कोणत्या तरी माणसावर विश्वास टाकावाच लागतो.

याचा पडताळा चाळीस वर्षांनी आला. 'एक्सझेड' ही कागद आवळून लहान करणारी एक साधीशी आज्ञावली. ती असंख्य लिनक्स यंत्रांत असते आणि एक माणूस फुरसतीच्या वेळात, विनामूल्य, ती सांभाळीत होता. जिया टॅन असे नाव सांगणारी कोणी व्यक्ती त्याच्या मदतीला आली, दोन वर्षांहून अधिक काळ इमानाने राबली आणि तिने त्याचा विश्वास संपादन केला. त्याच काळात आणखी काही अनोळखी नावांनी त्या थकलेल्या माणसाकडे तगादा लावला की, आता हिला अधिकार द्या. अधिकार मिळाले. आणि २०२४ च्या आरंभी तिने त्या आज्ञावलीत अशी चोरवाट घातली की, काही यंत्रांवर तिच्यातून एसएसएचच्या दारातच शिरता यावे.

ती उघडकीस कशी आली? आंद्रेस फ्रॉइंड नावाचे एक अभियंता भलत्याच कामासाठी मोजमाप करीत होते. एसएसएचने आत शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, असे त्यांच्या लक्षात आले. अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी तो सोडून दिला असता. त्यांनी सोडला नाही; मुळापर्यंत जाऊन २९ मार्च २०२४ रोजी सारा प्रकार जाहीर केला. चोरवाट जगभर पसरण्यापूर्वीच बुजविली गेली.

आम्हांला या हकिकतीत सर्वांत लागणारी गोष्ट चोराची नाही. ज्या आज्ञावलीवर एवढे जग विसंबून होते, तिचा भार एकट्या माणसावर पडला होता आणि तो थकला आहे, हे विचारपूस करण्यासाठी कोणाच्या लक्षात आले नाही; चोराच्या मात्र आले. सेवाभावी संस्थांतून ज्यांनी वर्षानुवर्षे एकट्याने दप्तर सांभाळले आहे, त्यांना याचा अर्थ सांगण्याची जरुरी नाही.

समारोप

असो. लेख अपेक्षेपेक्षा लांबला. आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. आपला मुलगा किंवा मुलगी रात्री दोन वाजता उठून जे काही टाइप करते, ते बहुधा असे असते: कोठेतरी दूर एक यंत्र अडले आहे, आणि त्याची मुखत्यारी असलेला माणूस जपून, एकेक पायरी पाहत, परतीची वाट मोकळी ठेवून ते पुन्हा चालू करीत आहे. सकाळी दूध आणावयास गेलेल्याचे पैसे फोनवरून चुकते होतात, इस्पितळात रोग्याचा कागद वेळेवर निघतो आणि काही घडले होते याची कोणाला खबरही नसते. या कामात यश आले म्हणजे ते दिसत नाही, एवढेच.

आपल्या संस्थेच्या कचेरीतही आता संगणक आहे. सभासदांची यादी, शिष्यवृत्तीचे अर्ज, ठेवींचा हिशेब हे सारे त्यात आहे. चेकवर आपण दोन सह्या घेतो, कपाटाच्या किल्ल्या दोघांकडे ठेवतो आणि हिशेब तिसऱ्याकडून तपासून घेतो. तीच शिस्त या यंत्रालाही लागावी, असे आम्ही सुचवितो. परवलीचा शब्द संस्थेच्या किंवा दैवताच्या नावाचा नसावा. तो एकट्यालाच ठाऊक नसावा आणि सर्वांनाही ठाऊक नसावा. यादीची दुसरी प्रत दुसऱ्या जागी असावी, आणि ती प्रत उघडते की नाही हे वर्षातून एकदा तरी उघडून पाहावे. हे काम पाहणारा जो कोणी तरुण असेल, त्याच्या जोडीला आणखी एकाला बसवावे. आणि तो कधी म्हणाला की, "आज यंत्र थोडे सावकाश चालते आहे," तर त्याचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये.